आपली सोसायटी, आपला कायदा?

आज संध्याकाळी आमच्या चेअरमनकाकांनी गच्चीवर जाऊन तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूची पाण्याची लाइन बंद केली. व्हॉल्वचं चाक काढून खिशात घातलं आणि शांतपणे खाली उतरले. मेंटेनन्स थकवलाय फ्लॅटमालकाने, तो बसलाय अमेरिकेत. पाणी तोडलं भाडेकरूचं. मी विचारलं तर म्हणतात, "कोर्टात गेलो तर दहा वर्षं. इथे पाच मिनिटांत निकाल. आपली सोसायटी, आपला कायदा." वर चार जणांनी माना डोलावल्या.

भाचा माझा इथे बडोद्यातच एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकतो. हल्ली त्याला सरकार ही गोष्टच नको झालीये. "मामा, काका चुकले असतील, पण कायद्याला सरकार लागतंच असं नाही." मग आइसलँड काढलं. तिथे 930 साली लोकांनी सभा भरवली आणि पुढची तीनशेहून जास्त वर्षं राजा नाही, पोलिस नाहीत. एक जाणकार सभेत कायदा तोंडपाठ म्हणून दाखवायचा, निवाडे व्हायचे. अंमलबजावणी? ज्याच्या बाजूने निकाल लागला त्याने आपली आपण करायची.

इथेच माझी सटकते. ज्याच्या मागे चार भाऊबंद नाहीत त्याने काय करायचं? तर म्हणे तो आपला दावा एखाद्या वजनदार माणसाला देऊन टाकू शकत होता. म्हणजे शेवटी वजनदार माणूसच ना! आणि तेच वजनदार आपसांत लढून दमले, मग 1262 नंतर सगळे नॉर्वेच्या राजाच्या पदराखाली गेले.

लांब कशाला जायचं. 2024 च्या ऑगस्टमधला पूर आठवा. विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती, लाइट नाही, जिन्याच्या पायऱ्यांवर पाणी. सरकार कुठेच दिसत नव्हतं. समोरच्या बेननी मुलाची शाळेची वही घेतली, घराघराची नावं लिहिली, आणि ट्रॅक्टरवरून आलेल्या दुधाच्या पिशव्या वाटल्या. तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं आधी. भांडण नाही, ओरडा नाही. खरं सांगतो, तेव्हा मलाही वाटलं होतं की कशाला हवंय सरकार!

मग दूध कमी यायला लागलं. वहीच्या शेवटच्या पानावर एक वेगळी यादी झाली: भाडेकरू. त्यांच्यातही एक तान्हं बाळ होतं. त्यांचा नंबर येईपर्यंत क्रेट रिकामं. वही बेनची, पेन बेनचं, निकालही बेनचाच. त्या बाळाच्या आईने दाद मागायची कुणाकडे? बेन वाईट नाहीत हो. आजही दिवाळीला पहिलं ताट त्यांच्याकडूनच येतं.

आपल्या बडोद्याला हे नवीन नाही. 1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून इथे नोकरीला आले, पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले, आणि एक दिवस काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. त्या काठ्यांमागे कुठल्या सरकारचा हुकूम नव्हता. "आमची जागा, आमचा नियम", बस्स. बाबासाहेब कमाटी बागेत जाऊन बसले. बरं, मान्य, तेव्हा सरकार होतं, आणि तेही सयाजीरावांचं. तरी छप्पर मिळालं नाही.

आणि सरकार म्हणजेच कायदा असंही मी म्हणत नाहीये, उगाच कमेंटमध्ये तुटून पडू नका. 1875 ला बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीला, विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप झाला. सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज, तीन हिंदी. त्यात ग्वाल्हेरचे शिंदेही होते. मत तीन-तीन असं फुटलं. तरी इंग्रज सरकारने गादीवरून काढलंच, कारण दाखवलं गैरकारभाराचं. चाक त्यांच्याही खिशात होतंच की.

पण निदान त्या खिशाला हात घालायला कुठेतरी दार असावं लागतं. पुरात बेनच्या वहीपुढे ते नव्हतं, आज गच्चीवरही नव्हतं. कोर्ट रडतखडत चालतं, मलाही ठाऊक आहे, माझ्या वडिलांची केस त्यांच्या मागे मला मिळालीये. तरी तिथे भाडेकरूलाही तारीख मिळते.

आणि काका, तुम्ही चेअरमन आहात ते कशाच्या जोरावर? गुजरात सहकारी संस्था कायदा, 1961. सरकारचाच कागद आहे तो, ऑफिसात फ्रेम करून लावलाय तुम्ही.

रजिस्ट्रारकडे अर्ज देतोय. सह्या करणाऱ्यांनी उद्या सकाळी नऊच्या आत या, नंतर मी बँकेत असतो. तोपर्यंत आमच्या नळाला पाइप लावून वर पाणी दिलंय. कुणाला खटकत असेल तर मला विचारा, त्या लोकांना नाही.