बोक्यासाठी पोतं काढायच्या आधी: नंदगडच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'मांजर घरात मुततं ते खोडीनं नव्हे' हा माझा लेख म्हणजे फ्लॅटातल्या लोकांचं कौतुक आहे, असं काकांचं म्हणणं. त्यांच्या घरात तीस वर्षं मांजरं आहेत. आजी मुतलेल्या जागी नाक घासायची, दोन दणके द्यायची आणि मांजर सुधारायचं. मांजराच्या शी-शूसाठी पेटीबिटी कुणी ठेवली नाही. आता मात्र आठ दिवस झाले, त्यांचा बोका सोप्यातल्या वाकळीवर मुततोय. फिनेल टाकून झालं, डांबरगोळ्या ठेवून झाल्या. नाही सुधारला तर रविवारी पोत्यात घालून मलप्रभेपलीकडं सोडणार. घरात सून गरोदर आहे, तिची काळजी वेगळीच.

काका, वाद नंतर घालू. आज संध्याकाळी बोका वाकळीवर बसला की हाकलू नका, लांबून बघा. किती मुततोय? वाटीभर ओलं होतंय, की नुसता बसून उठतोय? तासाभरात चारचारदा बसतोय का? बसल्यावर कण्हतोय का, उठून तीच जागा चाटतोय का? वाकळीवर लाल-गुलाबी डाग आहे का? यातलं काहीही दिसलं तर रविवारची वाट बघू नका, त्याच रात्री जनावरांच्या डॉक्टरला फोन करा. आणि थेंबही येत नसेल तर गाडी काढा.

हे मी एवढं रेटून का सांगते, ते ऐका.

आमच्याकडे शहापूरच्या घरात सोन्या नावाचा बोका होता. जुलैची झड लागली होती. सोन्या आधी पायपुसण्यावर मुतला, मग देवघराच्या पायरीशी, मग धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर. मीही तुमच्यासारखंच म्हटलं, माजलाय. केरसुणीनं मारलं त्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत गेले तर तो कोपऱ्यात पाठीची कमान करून बसलेला, शेपटी ताठ, मागचे पाय थरथरत होते. बराच वेळ तसाच बसला. उठला तेव्हा फरशीवर वाटाण्याएवढा एकच थेंब होता, गुलाबी. तो थेंब मला अजून दिसतो. दवाखान्यात डॉक्टरांनी माझा हात धरून त्याच्या पोटावर ठेवला. मूत्राशय लिंबासारखं टणक लागलं. नळी घातली, सलाईन लावलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे सोन्या गेला.

बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा लांब आणि अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट घाण अडकली की तो बंद होतो. मग लघवीतलं विष रक्तात साचतं, पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. पूर्ण अडकलं तर दोनतीन दिवसांत खेळ संपतो. अडकण्याआधी बरेचदा काही दिवस मूत्राशयाला सूज असते. लघवी करताना दुखतं, म्हणून मांजर नेहमीची जागा सोडतं आणि मऊ जागा शोधतं. वाकळ, उशी, कपड्यांचा ढीग. सोन्या मला तीन दिवस तेच सांगत होता.

आता तुमच्या आजीबद्दल. आजीच्या मांजरांनी घरात घाण केली नाही हे मला शंभर टक्के मान्य. खरं काका, ते दणक्यांमुळे होतं असं मला वाटत नाही. तुमच्या परड्यात तेव्हा काय काय होतं ते आठवा. शेणखताचा खड्डा, केळीच्या बुडाची भुसभुशीत माती, आणि न्हाणीच्या चुलीमागं राखेचा ढीग. आमच्या आजोळी खानापुराकडं मांजर पहाटे पहिलं त्या राखेत जायचं. रात्रीची ऊब तिच्यात असायची, उकरायला सोपी आणि वर ओढून घेतली की वास बंद. मांजराला जन्मजात हवं असतं ते एवढंच: कोरडी, सुटी, उकरता येईल अशी जागा. आता न्हाणीत गॅसचा गिझर आला, राख गेली. परड्यात सिमेंट झालं. जी थोडी माती उरली तिचा पावसाळ्यात चिखल होतो, आणि भिजलेल्या चिखलात पाय घालायला मांजराला जिवावर येतं. तुमच्या प्रतिक्रियेतच 'गेल्या उन्हाळ्यात परड्यात फरशी घातली' असं वाक्य आहे. तुम्ही ते दुसऱ्याच संदर्भात लिहिलंय, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

पेटी हे परदेशी खूळ आहे, या म्हणण्याचंही तसंच. अमेरिकेतसुद्धा लोक मांजरासाठी राख आणि वाळूच ठेवायचे. 1947 मध्ये मिशिगनमधल्या एडवर्ड लोव यांनी एका शेजारणीला राखेऐवजी सुकवलेल्या मातीचे दाणे दिले, आणि तिथून त्या विकतच्या मातीचा धंदा उभा राहिला. म्हणजे मूळ वस्तू तुमच्या आजीच्या चुलीमागचीच. पहिल्या लेखात मी फक्त विकतच्या मातीबद्दल लिहिलं, ती माझी चूक. तुम्ही पकडलीत ते बरं झालं. आपल्याकडं पसरट बुट्टी किंवा जुनं घमेलं घ्यावं, त्यात चाळलेली कोरडी वाळू चार बोटं भरावी. लाकडाचा भुसा किंवा गार झालेली राखही चालते. बोका आत उभा राहून सहज वळला पाहिजे एवढी रुंद हवी. घाण रोज काढायची, दिवसाआड नव्हे.

नाक घासण्यानं मांजर शिकतं, पण भलतंच. आपण मारलं ते मुतल्याबद्दल, हे त्याला जोडता येत नाही. माणसासमोर मुतायचं नाही एवढंच ते शिकतं आणि कपाटामागं जातं. मग रक्ताचा थेंब पडला तरी तुम्हाला दिसत नाही.

फिनेल मात्र आजच बंद करा. काळ्या फिनेलात असतात तसली द्रव्यं निकामी करायची ताकद मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारते तीही याच कमतरतेमुळे. ते फरशीवरून चालतं, मग पाय चाटतं, विष थेट पोटात. डांबरगोळ्याही विषारीच, आणि उद्या घरात रांगतं बाळ येणार आहे हेही लक्षात घ्या. ब्लीच ओतू नका. मूत्रातल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो.

मांजराच्या मुताचा वास पाण्यानं जात नाही, कारण त्यातलं यूरिक आम्ल कापसात आणि धाग्यांत धरून बसतं. आपल्याला वास येईनासा झाला तरी बोक्याला येतो, आणि तो पुन्हा तिथंच जातो. वाकळ आधी गार पाण्यात पिळून काढा, मग एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात तासभर ठेवा, मग एन्झाइमवाल्या कपड्याच्या पावडरीत रात्रभर भिजवा. कडक उन्हात वाळवा. फरशी शहाबादी असेल तर तिच्यावर व्हिनेगर नको, तो चुनखडीचा दगड आहे, आम्लानं झिजतो. तिथं पावडरीचं पाणीच वापरा.

एक गोष्ट वेगळी ओळखायला हवी. तुमचा बोका बसून मुततोय, म्हणून वरचं सगळं. पण तोच उभा राहून, शेपटी वर करून थरथरवत, भिंतीवर किंवा दारावर पिचकारी मारत असता तर ते हद्द आखणं. वडगावात ओळखीच्या एका मागवाल्यांकडं बोक्यानं सुताच्या गाठोड्यांवर अशा पिचकाऱ्या मारल्या, रेशमाचं नुकसान झालं. घरचे रडकुंडीला आले होते. दाराबाहेर दुसरा बोका फिरायला लागला होता, एवढंच कारण. नसबंदी केली आणि महिनाभरात थांबलं. दहातल्या नऊ बोक्यांची ही सवय नसबंदीनं जाते किंवा पुष्कळ कमी होते. पाचसहा महिन्यांचा झाल्यावर केली तर बहुधा लागतच नाही.

सुनेचं विचारलंत. गरोदरपणात टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या ज्या जंतूची भीती असते तो मांजराच्या विष्ठेतून येतो, मुतातून नव्हे. आणि ताज्या विष्ठेतून लगेच लागत नाही, किमान एक दिवस जावा लागतो. सुनेनं बुट्टीला हात लावायचा नाही, ती रोज तुम्ही साफ करायची. त्यापेक्षा जास्त धोका अर्धकच्च्या मटणाचा आणि न धुतलेल्या भाजीचा आहे.

आता पोतं. मलप्रभेपलीकडं सोडलेलं घरचं मांजर तिथं सुखानं राहत नाही. तिथल्या बोक्यांची हद्द असते, कुत्री असतात, आणि आपलं मांजर शिकारीपेक्षा ताटलीवर वाढलेलं. आजारी असेल तर चार दिवसही काढणार नाही. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. काका, तुम्ही लिहिलंय की हा बोका तुमच्या पायाशी झोपतो. मग आठ दिवसांच्या मुतावरून त्याला कसं सोडवेल?

डॉक्टरनं लघवी तपासून अडथळा नाही म्हणून सांगितलं की घरचं काम सुरू. त्याच्या पोटात पाणी जास्त जायला हवं. नुसतं कोरडं खाणं नको, मासळी उकडलेलं पाणी भातावर घाला, त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, जेवणाच्या ताटलीला चिकटून नको. आणि बुट्टी पहिल्यांदा ठेवायची ती परड्यात नव्हे, सोप्यात, वाकळ होती तिथंच. वाकळ धुण्याआधी ओल्या भागावर एक चिंधी दाबून घ्या आणि ती वाळूत पुरा, म्हणजे त्याला जागा कळेल. आठदहा दिवस तो तिथं नीट जायला लागला की बुट्टी रोज हातभर सरकवत पडवीपर्यंत न्या. बोका काय करतो ते मला लिहा. रात्री लिहिलंत तरी मी बघेन.