आजीच्या नावानं फिरणारा तो मेसेज

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर धुऊन खिडकीला लागतात, जुनी खस निघते, नवी बसते. नेमका याच दिवसांत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: आजीकडे गॅस, कुकर, मिक्सर, फ्रिज, नळ, कूलर काही नव्हतं, ती जात्यावर आनंदानं ओव्या गात दळायची, विहिरीचं अमृतासारखं पाणी प्यायची, म्हणून तिला बीपी नव्हतं, शुगर नव्हती आणि ती शंभर वर्षं जगली. आपल्याला यंत्रांनी आजारी केलं.

गेल्या वर्षी मी गप्प बसले होते. त्याचा पस्तावा आहे, म्हणून यंदा उत्तर देते.

आधी ती शंभर वर्षं. माझी आजी काटोलकडची, सत्त्याऐंशीव्या वर्षी गेली. तिची नऊ बाळंतपणं झाली आणि हाती लागली पाच मुलं. उरलेल्या चौघांची नावं तिला शेवटपर्यंत पाठ होती. आपल्या आठवणीत राहते ती जगून उरलेली आजी. जी तिसऱ्या बाळंतपणातच गेली, तिला आजी म्हणणारं कुणी जन्मलंच नाही. 1941 ते 1950 या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला टेकलं आहे. याचा अर्थ तेव्हा सगळेच बत्तिशीत मरायचे असा नाही; लेकरं इतकी जायची की सरासरीच खाली यायची. 1971 साली देखील जन्मलेल्या हजार बाळांपैकी 129 पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला. बीपी आणि शुगरचं म्हणाल तर आजीचं बीपी कधी कुणी मोजलंच नव्हतं.

आता जातं. माझ्या आजीच्या घरी अकरा माणसं, दोन्ही वेळा ज्वारीच्या भाकरी. पहाटे तीनला उठून दळण, मग आडावरून गुंड भरून पाणी, मग शेत. याला व्यायाम म्हणणाऱ्यानं एकदा अर्धी पायली ज्वारी दळून पाहावी. व्यायाम माणूस आपल्या मर्जीनं करतो आणि दमला की थांबतो. आजीला तापात थांबता येत नव्हतं, पोटुशी असताना थांबता येत नव्हतं. आणि आनंदानं गायलेल्या ओव्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेर आहे. आणि सासुरवास, मार, एकटेपण हेही आहे. दळणारी बाई काय भोगते ते तिनं स्वतः सांगून ठेवलंय. गावात चक्की आली तेव्हा आजीला पहाटेची दोन तासांची झोप मिळाली. माझ्या आईला त्याच वेळात अभ्यासाला बसता आलं, ती मॅट्रिक झाली. आमच्या घरात शाळा शिकलेली ती पहिली बाई. या एका कारणासाठी मी चक्कीला हात जोडेन.

‘चुलीवरचं अन्न आरोग्यदायी.’ चव असते, मान्य. तुराट्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत मलाही हवं असतं. पण चूल पेटते तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्यांवर, आणि त्यांचा बारीक धूर थेट फुप्फुसात खोल जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसं मेली. त्यांत पाच वर्षांखालची लेकरंही खूप, कारण ती आईच्या कडेवर चुलीपाशीच असतात. आजीचा शेवटच्या दहा वर्षांतला खोकला आम्ही म्हातारपणाचा समजत होतो. तिनं उभ्या आयुष्यात विडी ओढली नव्हती. आजही सिलिंडर परवडत नाही म्हणून अर्धा स्वयंपाक चुलीवर करणाऱ्या बाया नागपूर जिल्ह्यात आहेत. त्यांना चुलीचं कौतुक ऐकवू नका.

कुकरनं जीवनसत्त्वं मरतात हे तर साफ उलटं आहे. वाफ कोंडली की पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे तूरडाळ लवकर शिजते. जीवनसत्त्वं जातात ती बराच वेळ उकळल्यानं आणि शिजवलेलं पाणी फेकून दिल्यानं. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1679 मध्ये असं भांडं बनवलं तेच मुळी हाडं मऊ करायला, आणि फुटू नये म्हणून पुढे त्याला झडपही बसवली. सरपण वाचलं, वेळ वाचला. बास.

फ्रिजबद्दल मेसेजमधली एक गोष्ट मला पटते: चार-चार दिवसांच्या भाज्या कोंबून ठेवणं वाईटच. पण नागपूरच्या मे महिन्यात सकाळचं वरण दुपारी आंबतं, आणि ते टाकून देणं प्रत्येक घराला परवडत नव्हतं. आंबलेलं खाऊन हगवण लागायची, तीही त्याच जुन्या काळात. शिवाय बहुतेक लसी 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात. थंड पेटी नसती तर 2014 साली आपला देश पोलिओमुक्त ठरला नसता.

आता पाणी, कारण इथे हा मेसेज नुसता चुकीचा नाही, जीवघेणा आहे. ‘नळाच्या पाण्यात क्लोरीनचं विष असतं’ असं त्यात लिहिलंय. आपल्याकडे येणारं पेंच आणि कन्हानचं पाणी आधी तुरटीनं निवळतं, वाळूतून गाळलं जातं आणि मग त्यात क्लोरीन मिसळतात. घरच्या नळाला पोहोचल्यावरही लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावं असं भारतीय मानक सांगतं. ती मात्रा मुद्दाम ठेवलेली असते, वाटेत पाइप फुटून गटाराचं पाणी शिरलं तर पहारा म्हणून. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत 1908 साली अख्ख्या शहराच्या पाण्यात क्लोरीन घालणं सुरू झालं आणि ही रीत जगभर पसरली. वर्धा रोडवरची आपली ‘नीरी’, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, 1958 साली निघाली तीच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी. पावसाळ्यात गावच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकतात, तिचा वास येतो म्हणून लोक कुरकुरतात. असा मेसेज वाचून एखाद्या गावानं ती टाकू दिली नाही, तर गॅस्ट्रोची साथ यायला आठवडा पुरतो.

शेवटी कूलर. ‘पूर्वीची माणसं ऊन सोसायची, कूलरनं शरीर नाजूक झालं.’ पूर्वीच्या सधन घरांतही वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी शिंपडायचेच. कूलर म्हणजे तोच पडदा, मागे पंखा आणि पंप लावलेला. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता ओढून घेतं. नागपूरची हवा उन्हाळ्यात कोरडी, म्हणून हे यंत्र इथे चालतं, मुंबईत चालत नाही. ज्यांच्याकडे पडदाही नव्हता ते ऊन सोसत होते हे खरं, आणि त्यांतले कित्येक ऊन लागून जात होते हेही खरं.

गेल्या मे महिन्यात आमच्या एका काकांनी, वय अठ्ठ्याहत्तर, हा मेसेज मनावर घेऊन चार दिवस कूलर बंद ठेवला. चौथ्या दुपारी काकू पाणी द्यायला गेल्या तर ते असंबद्ध बोलत होते, अंग तव्यासारखं तापलेलं आणि घाम अजिबात नाही. ओल्या चादरीत गुंडाळून त्यांना दवाखान्यात नेलं. सहा दिवसांनी घरी आले.

यंदा त्यांच्या खोलीतला कूलर मी स्वतः उभं राहून लावून घेतला. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, दमट हवा बाहेर पडली नाही तर थंडावा होत नाही, हे काकूंना दाखवलं. आणि काकांच्या फोनमधून तो मेसेज त्यांच्यासमोर पुसला.