अर्थिंगची सळई म्हणजे न्यूट्रल नव्हे

‘शेतकरी बांधवांनो, वीज कंपनी तुमच्यापासून काय लपवते ते वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात पाच दावे आहेत. धरणावर वीज काढून घेतली की पाण्याचा कस जातो. रात्रीची शिल्लक वीज साठवून दिवसा देता येते, पण मुद्दाम देत नाहीत. लाखो व्होल्टच्या लायनींमुळेच वीज वाया जाते. गळतीचे आकडे खोटे आहेत. आणि पाचवा: न्यूट्रल नसेल तर अडून बसू नका, विहिरीजवळ सळई ठोका, मोटारीची एक वायर फेजला आणि दुसरी सळईला जोडा, मोटार चालते आणि मीटरही पळत नाही.

माझ्या मामांचा फोन आला तो पहिल्या चार दाव्यांसाठी नव्हता. सळई किती फूट ठोकायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं. म्हणून पाचवा मुद्दा आधी.

डीपीतून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून, फेजच्या तारेने आलेला करंट मोटारीतून पुन्हा त्याच डीपीकडे जातो. न्यूट्रल हा त्याचा परतीचा रस्ता. ती तार काढून सळई लावली की तोच करंट तुमच्या शेताच्या मातीतून डीपीच्या अर्थिंगकडे निघतो, आणि माती म्हणजे काही अॅल्युमिनियमची तार नव्हे. सळईचा रोध, म्हणजे सळईतून मातीत जाताना करंटला होणारा अडथळा, 10 ओहम धरा. तोही जमीन चांगली ओली असेल तरच मिळतो. मोटार 10 अँपिअर घेत असेल तर सळईपाशी 100 व्होल्ट उभे राहतात. मोटारीला दाब कमी पडतो, ती गुरगुरते, तापते आणि शेवटी जळते. पण मोटार जळणं हे यातलं सगळ्यात लहान नुकसान.

ते 100 व्होल्ट सळईपासून लांब जाताना उतरत जातात, आणि पहिल्या काही फुटांतच सगळ्यात झपाट्याने उतरतात. बैलाचे पुढचे पाय सळईजवळ आणि मागचे पाच फुटांवर असले, तर त्या दोन जागांमधला फरक थेट त्याच्या छातीतून जातो. म्हणून अशा ठिकाणी गुरं आधी मरतात. दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अनवाणी चिखलात उभ्या असलेल्या माणसाचा हात सळईला लागला, तर त्याचीही तीच गत. मेसेजमध्ये वर सल्ला आहे की सळईभोवती आळं करून मीठ-पाणी सोडत राहा. म्हणजे मोटार चालू असताना माणसाला हातात बादली घेऊन त्याच जागी पाठवायचं! आणि आळं सुकलं किंवा सळईचा सांधा सुटला, की मोटारीतून आलेला जवळपास सगळा 230 व्होल्टचा दाब त्या उघड्या टोकावर येऊन बसतो.

हे एका शेतापुरतंही राहत नाही. डीपीचं अर्थिंग खराब असेल तर तुमचा परतीचा करंट डीपीच्या न्यूट्रललाच वर उचलतो. त्या डीपीवरच्या प्रत्येक घरात न्यूट्रलवर दाब येतो, आणि त्या तारेला हात लागला तरी शॉक बसू शकतो. डीपीच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत हा नियम 1956 च्या भारतीय विद्युत नियमांपासून आहे, तो याचसाठी. तुमच्या डीपीची दोन्ही अर्थिंग शाबूत नसतील किंवा न्यूट्रल तुटलं असेल, तर 1912 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. वायरमनला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, हे मला माहीत आहे. तरीही सांगा.

राहिलं मीटर. आताचे बरेच सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट मोजतात आणि जो जास्त असेल तो धरतात. आणि मीटर चुकवणं ही विद्युत कायदा 2003 च्या कलम 135 खाली चोरी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार 2019 ते 2021 या तिन्ही वर्षी देशात शॉक लागून मेलेल्यांची संख्या 12 हजारांच्या वर होती. त्या आकड्यात भर घालणारा मेसेज पुढे पाठवताना कुणाचा हात अडखळू नये, याची मला चीड येते.

पाण्याच्या कसाचं पटकन सांगतो. टर्बाइन पाण्याची उंची वापरतं. पाण्यातले क्षार किंवा प्राणवायू काढून वीज होत नाही. कोयना धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून गेलेलं पाणी खाली नदीत येतं, आणि तेच पुढे कराड-सांगलीकडच्या उसाला मिळतं. तिथला ऊस बघून या.

जास्त व्होल्टेजने वीज वाया जाते, हे तर बरोबर उलटं आहे. 100 मेगावॉट वीज 11 केव्हीवर (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) न्यायची तर सुमारे 5,250 अँपिअर लागतात, 400 केव्हीवर जेमतेम 144. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीच तार असेल तर नुकसानीत हजारपटीहून जास्त फरक. चंद्रपूरची वीज 752 किलोमीटरवरच्या पडघ्याला 500 केव्हीच्या डीसी लायनीने आणली, त्यामागेही हाच हिशोब आहे.

साठवणुकीच्या दाव्यात अर्धं सत्य आहे. घाटघरला 250 मेगावॉटचा प्रकल्प वीज शिल्लक असताना पाणी वर चढवतो आणि मागणीच्या वेळी खाली सोडतो. पण जेवढी वीज चढवायला लागते तेवढी परत मिळत नाही, आणि राज्याच्या मागणीपुढे 250 मेगावॉट फार थोडे. बाकी वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार करावी लागते. 5 एप्रिल 2020 ला रात्री 9 वाजता देशाने दिवे मालवले, त्याचा पोसोकोचा, म्हणजे तेव्हा देशाचं वीजजाळं (ग्रिड) सांभाळणाऱ्या कंपनीचा, अहवाल वाचावा. मागणी 31,089 मेगावॉटने घसरली आणि ग्रिड सावरायला जलविद्युत साडेसतरा हजार मेगावॉटने उतरवावी लागली, मग काही मिनिटांत पुन्हा चढवावी लागली. शिल्लक वीज कुठे दडवून ठेवलेली असती, तर ही कसरत कशाला करावी लागली असती? शेतीला रात्रीच्या पाळीत वीज मिळते, ही तक्रार मात्र खरी आहे. साप-बिबट्याच्या भीतीत दारं धरायला लावणं अन्यायच आहे. त्यावर उपाय दिवसा चालणारे सौर कृषी फीडर, म्हणजे शेतीला सौर वीज देणाऱ्या लायनी, हा आहे, आणि ते आपल्या गावाला कधी मिळणार हे ग्रामसभेत विचारायला हवं.

गळतीबद्दल मेसेज लिहिणाऱ्याशी मला थोडं सहमत व्हावं लागतंय. विनामीटर पंपांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरतात. तो फुगवला की वितरणातली गळती आणि चोरी शेतकऱ्याच्या नावावर दडते. राज्य वीज नियामक आयोगाने नेमलेल्या अभ्यासगटाच्या तपासणीनंतर 2020 च्या आदेशात शेतीवापराचे आकडे खाली आणले गेले. तेव्हा मामा, ती सळई परत करा आणि पंपाला चालू मीटर मागा. मीटर असेल तरच आपण किती युनिट वापरली, हे त्यांना दाखवता येईल.