तिसरी फीत

आज दुपारच्या टपालाने मामांच्या अर्जाला उत्तर आलं. फौजेतला हुद्दा कागदावर दुरुस्त करून द्या म्हणून केला होता, तो अर्ज. जेमतेम अर्धं पान. आमच्या नोंदीत तुम्ही नायक आहात, नोंद बरोबर आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही. खाली शिक्का आणि वाचता न येणारी सही. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मामांनी कागद हातात घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "ठेव फायलीत." तेव्हापासून माझं डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मामा १९६३ साली भरती झाले. चीनच्या लढाईनंतर गावोगावची पोरं गेली, त्यातलेच एक. १९७१ ला पश्चिमेच्या सरहद्दीवर होते, त्या आघाडीचं पश्चिमी स्टार हे मेडल आहे त्यांच्याकडे. १९८४ ला पेन्शनीवर आले ते हवालदार म्हणून. हातात दिलेल्या डिस्चार्ज बुकात शाईने हवालदार लिहिलंय. मग मधल्या काळात कुणीतरी जुने कागद संगणकात भरले आणि माझे मामा हवालदाराचे नायक झाले, एक हुद्दा खाली. आता पेन्शनच्या ऑनलाइन नोंदीत नायक, त्यावरून निघालेल्या प्रत्येक कागदावर नायक. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती, नायकाच्या दोन. मामांची तिसरी फीत एका बोटाच्या टिचकीने उतरली.

आता कुणीतरी येऊन नियम सांगेलच, तर तो मीच सांगते. त्या काळी शेवटच्या हुद्द्यावर १० महिने भरले नसतील तर पेन्शन खालच्या हुद्द्याची बसायची. मामांची बढती अगदी शेवटच्या वर्षातली, त्यामुळे पेन्शन नायकाची बसली. मान्य. त्याबद्दल त्यांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही. पण पेन्शन कुठल्या हुद्द्याची आणि माणूस निवृत्त झाला कुठल्या हुद्द्यावर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर दोन्हीला वेगळे रकाने असतात. दुसऱ्या रकान्यातही पहिल्याचाच शब्द उतरवला, एवढीच चूक आहे. ती सुधारायला सरकारचा एक रुपया जाणार नाही.

हेच सांगायला, अर्ज दिला त्या कार्यालयात मी मामांना घेऊन गेले होते. मामांनी निघताना डिस्चार्ज बुक घेतलं आणि रुमालात बांधून २० वर्षांच्या सेवेचं मेडल घेतलं. ज्यांच्या घरी फौजी नाही त्यांना माहीत नसेल, मेडलच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. नंबर, हुद्दा, नाव, सगळं. बारीक इंग्रजी अक्षरं, नाण्याची धार असते ना तिथे. मामा पेन्शनीवर घरी आल्यानंतर हे मेडल टपालाने आलं, आणि त्याच्या कडेवर हवालदार कोरलंय. आदल्या रात्री त्यांनी ते ब्रासोने घासलं होतं. कडेवर जास्त घासायचं नाही, अक्षरं जातात, असं मलाच समजावत होते.

टेबलामागच्या माणसाने मेडल हातातसुद्धा घेतलं नाही. "बाबा, हे पुराव्यात धरत नाहीत. आणि पेन्शन येते ना महिन्याच्या महिन्याला? मग आता या वयात हुद्द्याचं काय घेऊन बसलात?"

या वयात! ऐंशी ओलांडलेल्या माणसाने मग काय घेऊन बसायचं?

मामा चिडले नाहीत. उभे राहिले, अगदी सरळ, आणि म्हणाले, "साहेब, तिसरी फीत मी भाड्यानं आणली नव्हती." मग मेडल परत रुमालात बांधलं. गाठ घालताना बोटं थरथरत होती, मी मदत करायला हात पुढे केला तर नको म्हणाले.

मला राग कशाचा येतो सांगू? फौजेत बढती मिळाली की त्याचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लेखी नोंदीचा आदेश, निघतो. तो काढणार युनिट, जपणार रेकॉर्ड ऑफिस, शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रकावर, नोंद करणार त्यांचाच बाबू. जवानाच्या हातात यातलं काहीच नसतं. आणि ४० वर्षांनी कागद सापडेना तर पुरावा कुणी आणायचा? जवानाने! ज्याने संदूक उचलून अर्धा देश पालथा घातला, त्याने पार्ट टू ऑर्डरची नक्कल जपून ठेवायला हवी होती म्हणे. ज्यांनी लिहिलं, ज्यांनी हरवलं, त्यांनीच शोधावं. मला दुसरी कुठलीच बाजू दिसत नाही यात.

हो, खोटे हुद्दे लावून फिरणारेही असतात, तपासणी हवीच. मग तपासा ना. मेडलची कड वाचायला किती वेळ लागतो?

मामांचा प्रश्न मानाचा आहे, पण ज्यांच्या पेन्शनचाच हुद्दा चुकलाय त्यांचे पैसेही जातात. वन रँक वन पेन्शन, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारखी पेन्शन, १ जुलै २०१४ पासून लागू झाली, तिचे तक्ते हुद्दा, ग्रुप (कामाच्या प्रकारावरून ठरलेला गट) आणि सेवेची वर्षं यावर चालतात. हुद्दा चुकला की रकाना चुकला, आणि माणूस गेल्यावर बायकोच्या फॅमिली पेन्शनलाही तीच चूक चिकटते. उशिरा भांडायला गेलं तर थकबाकी बहुतेक वेळा अर्जाआधीच्या ३ वर्षांचीच मिळते. म्हणून तुमच्या घरात कुणी असतील तर आजच पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक शेजारी शेजारी ठेवून बघा. काकू, मावशी, आजी एकट्या असतील तर तुम्ही जाऊन बघा, त्या सांगणार नाहीत.

हे लिहिताना राग थोडा उतरलाय. त्या टेबलामागच्या माणसासमोर फायलींची चळत होती, तीही मी पाहिली. रोज असे कितीतरी म्हातारे येत असतील त्याच्याकडे. तरी मेडल हातात घ्यायला हवं होतं त्याने. नियमात बसत नाही म्हणाला असता, चाललं असतं. हातात घ्यायला हवं होतं.

मामा म्हणतात राहू दे. मी राहू देणार नाही. माहिती अधिकारात शीट रोलची आणि त्या वर्षीच्या बढत्यांच्या पार्ट टू ऑर्डरची नक्कल मागतेय, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिथेही नाही म्हणाले तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, मुंबईत खंडपीठ आहे, तिथे जाऊ. मामा येणार नाहीत म्हणाले तर कागद घेऊन मी जाईन.

तुमच्या ओळखीत या न्यायाधिकरणात फौजींची कामं करणारे वकील असतील तर मेसेज करा. आणि १९८३-८४ च्या सुमारास पेन्शनीवर आलेले कुणी घरात असतील तर त्यांचा निरोप समारंभाचा ग्रुप फोटो शोधा. त्यात मामांच्या पलटणीचे कुणी निघाले तर मला कळवा. बाही दिसणारा एक फोटो मिळाला तरी पुरे.