बॅटऱ्या बाकाखालीच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तिखटही. तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच: आमच्या शिडाच्या बोटीवर दिवे, फ्रिज, रेडिओ आणि पंप चालवणाऱ्या चार बॅटऱ्या मी इंजिनखोलीतून काढून केबिनच्या मध्यावरच्या बाकाखाली नेल्या, त्याची ती हकिगत होती. तुमचे आक्षेप असे की बोट बांधणाऱ्याने जागा विचार करूनच ठरवलेली असते. केबल लांबवून मी वीज वाया घालवली. माणसं झोपतात त्या बाकाखाली वायू सोडणाऱ्या बॅटऱ्या ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे. वजनाची चिंता शर्यतवाल्यांनी करावी. आणि माझ्या लेड-ॲसिड (शिसं आणि ॲसिडच्या) बॅटऱ्यांऐवजी लिथियम घेतलं असतं तर हा खटाटोप करावाच लागला नसता.

वायूपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं निम्मं तरी बरोबर आहे.

बॅटऱ्या इंजिनखोलीत होत्या तेव्हाची गोष्ट. वारा पडला म्हणून दिवसभर इंजिनवर आलो, संध्याकाळी धक्क्याला बोट बांधली, किनाऱ्याची वीज जोडून चार्जर लावला आणि झोपलो. मध्यरात्री कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोकलायला लागला. इंजिन बंद, शेगडी बंद, शेजारी दुसरी बोटही नाही. अलार्मच बिघडला असेल म्हणून बंद करून पुन्हा चालू केला, तर पाच मिनिटांत परत तेच. मग सडक्या अंड्यांसारखा वास आला. इंजिनखोलीचं झाकण उचललं, तर तिसऱ्या बॅटरीचा कडेचा भाग फुगलेला आणि इतका तापलेला की हात ठेववेना. हे अलार्म जास्त चार्ज झालेल्या बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनलाही फसतात, हे ज्ञान मला तेव्हा झालं. 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे सहा कप्पे असतात; त्या बॅटरीतला एक सेल आतून शॉर्ट झाला होता आणि चार्जर बिचारा सहा सेलचा हिशेब धरून उरलेल्या पाचांमध्ये करंट कोंबत होता.

सेल गेला कशाने, याचा विचार नंतर बरेच दिवस केला. चार्जर 14.4 व्होल्टवर लावलेला. हा आकडा 25 अंश सेल्सिअसचा. बॅटरी त्याहून गरम असेल तर दर अंशामागे साधारण 24 मिलिव्होल्ट उतरवावे लागतात, म्हणजे 50 अंशांना 13.8 च्या आसपास. माझ्या चार्जरचा तापमान सेन्सर चार्जरच्याच पोटात, आणि चार्जर केबिनच्या गार भिंतीवर. त्याला काय कळणार की बॅटऱ्या दिवसभर इंजिनच्या कुशीत शेकून निघाल्यात? कितीतरी वर्षं त्या दर वेळी अर्धा-पाऊण व्होल्ट जास्त खात होत्या. शिवाय तापमान 10 अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, हा ठोकताळा आहेच.

म्हणून जागा बदलली. पण तुमचा मुद्दा उरतोच: तीच बॅटरी बाकाखाली असती आणि वर कोणी झोपलेलं असतं तर? हायड्रोजन हवेत 4 टक्के झाला की ठिणगी पुरते. त्यासाठी बॅटऱ्यांच्या पेटीला घट्ट झाकण आहे आणि झाकणाच्या सगळ्यात उंच कोपऱ्यातून नळी निघून डेकवर उघडते. लेखात मी ‘नळी बसवली’ एवढंच लिहून पुढे गेलो, ही चूक. ती नळी सतत वरच चढत गेली पाहिजे. मध्ये कुठे झोळ पडला तर तिथे पाणी साचतं, बूच बसतं, आणि मग नळी असून नसल्यासारखी. सेन्सरची वायर आता थेट बॅटरीच्या टर्मिनलवर आहे. तुम्ही सुचवता तशा सील्ड बॅटऱ्या घेतल्या तरी नळी काढू नका. त्यांनाही व्हॉल्व्ह असतो आणि जास्त चार्ज झाला की तो उघडतोच.

आता केबल. इथे मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. आधी बॅटरीपासून मुख्य पॅनेलपर्यंत जाऊन-येऊन 4 मीटर केबल होती, 35 चौरस मिलिमीटर छेदाची. 100 अँपिअरला तिच्यात 0.2 व्होल्ट पडायचे. आता लांबी 7 मीटर झाली, म्हणून केबल 70 ची घातली. घट 0.17 व्होल्ट, म्हणजे पूर्वीपेक्षा कमीच! त्याची किंमत म्हणजे तीनेक किलो जादा तांबं आणि ती जाड केबल कोपऱ्यांतून वळवताना सोललेली बोटं. लांबीचा दोष तांब्याने भरून काढता येतो. उष्णतेवर, पाण्यावर किंवा चुकीच्या ठिकाणच्या वजनावर तसा काही उतारा नाही. जागा निवडताना मी केबलला शेवटचा नंबर देतो तो यासाठी.

हो, इंजिन सुरू करणारी बॅटरी मी हलवलेली नाही. स्टार्टर क्षणभर का होईना, काहीशे अँपिअर ओढतो. ती एकटी आहे, इंजिनजवळच राहील, आणि लवकर गेली तर लवकर बदलेन.

केबलच्याच ओघात फ्यूजबद्दल. लेखातल्या फोटोत तो पॅनेलजवळ दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. तो पॅनेलचा फ्यूज. मुख्य फ्यूज पेटीला लागूनच आहे, फोटोत बाकाच्या फळीआड गेलाय. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं मानक बॅटरीपासून 7 इंचांच्या आत म्हणतं, आणि तेवढं पाळलंय.

वजन. चार बॅटऱ्या, प्रत्येकी 30 किलो, एकूण 120. तुम्ही म्हणता, पाण्याच्या टाक्या आणि सामानापुढे हे काहीच नाही. नुसतं वजन धरलं तर खरं आहे. पण लाटेवर बोट पुढे-मागे झुलते तेव्हा वजनाला अंतराच्या वर्गाने गुणावं लागतं. इंजिनखोली बोटीच्या गुरुत्वमध्यापासून अडीच मीटर मागे. 120 गुणिले सव्वासहा, म्हणजे 750. बाक अर्ध्या मीटरवर, म्हणून 30. आणि नांगराची विंच जवळ पडते म्हणून हीच पेटी नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, साडेचार मीटरवर ठेवली, तर 2430! समोरून लाट येते तेव्हा नाळ वर उचलायला वेळ घेते की नाही, हे शर्यतवाल्याला कळतं तसं रात्री तीनच्या पाळीवर सुकाणू धरणाऱ्यालाही कळतं. बाक एका बाजूला असल्याने बोट किंचित कलायची, ते समोरच्या बाकाखाली हत्यारांच्या पेट्या टाकून भागलं.

‘मग सरळ कीलवर, बिल्जमध्येच ठेवा, सगळ्यात खाली’ हा तुमचा टोमणा असेल तर असो, पण खरोखर तसं करणारे आहेत. (कील म्हणजे बोटीचा तळकणा, बिल्ज म्हणजे त्यावरची पाणी साचणारी खोलगट जागा.) बोटीत पाणी शिरलं की पहिली बुडते ती बिल्जमधली बॅटरी. म्हणजे बिल्जचा पंप आणि रेडिओ दोन्ही नेमके हवे असतात तेव्हाच मुके. वर खाऱ्या पाण्यात टर्मिनल बुडाले की विद्युत्‌विघटनाने क्लोरीन तयार होतो. पाणबुडीवाले या वायूला फार पूर्वीपासून ओळखून आहेत. माझ्या पेटीचा तळ बिल्जच्या तळापासून दोन हात वर आहे. थोडं वजन वर गेलं, ते मी पत्करलं.

लिथियमबद्दल. लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलं तर वजन निम्म्याखाली येतं आणि रोजच्या वापरात वायू नाही, हे मान्य. पण गरम इंजिनखोली त्याला लेड-ॲसिडइतकीच नावडती. तापमान मर्यादेबाहेर गेलं की बॅटरीतली यंत्रणा चार्जिंग तोडते, आणि ते अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीज जनित्र) जोरात चालू असताना अचानक तुटलं तर त्याचे डायोड उडू शकतात. म्हणजे जागेचा प्रश्न सुटत नाही, उलट जास्त नडतो.

बोट बांधणाऱ्याचा अनुभव मी नाकारत नाही. पण त्याने जागा ठरवली ती दोन बॅटऱ्यांसाठी, फ्रिज आणि इन्व्हर्टर नसलेल्या बोटीसाठी, आणि केबल कमी लागेल अशी. शिवाय त्याला तिथे पालथं पडून, हातात आरसा धरून सेलमध्ये पाणी घालायचं नव्हतं. ते मी सात वर्षं केलं. आता गादी उचलली की झालं.

एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. फोटोत बॅटऱ्यांची लांब बाजू बोटीच्या लांबीला समांतर आहे. बहुतेक 12 व्होल्ट बॅटऱ्यांत सहा सेल लांबीत ओळीने असतात, प्रत्येक सेल साधारण 55 मिलिमीटर जाड आणि 170 रुंद. शिडांवर बोट 25 अंश कलून दोन-दोन दिवस एकाच कुशीवर चालते. माझ्या मांडणीत सेलची 170 ची बाजू कलण्याच्या दिशेला येते, त्यामुळे वरच्या कडेला ॲसिड 40 मिलिमीटरने उतरतं आणि प्लेटांचे कोपरे उघडे पडतात. बॅटरी आडवी फिरवली की हीच उतरण 13 वर येते. पेटीचं माप पुन्हा घेतलंय. तिन्ही बाजूंना दोन-दोन बोटं वाढवली की बसतात. बॅटऱ्या जागेवर धरणारे पट्टे त्याच वेळी बदलणार आहे. त्याच अमेरिकन मानकाला 41 किलोच्या ओढीत बॅटरी एक इंचापेक्षा जास्त सरकू नये एवढं पुरतं, पण बोट उलटी झाली आणि वर आपटली तर 30 किलोची बॅटरी तेवढ्यावर थांबेल असं मला वाटत नाही.

तुमच्या बॅटऱ्या इंजिनखोलीत वीस वर्षं निर्धास्त आहेत म्हणता. पुढच्या वेळी सहा तास इंजिन चालवून झालं की लगेच नाही, अर्ध्या तासाने, बॅटरीच्या अंगाला थर्मामीटर लावून बघा. इंजिन थांबलं की पाणी फिरायचं थांबतं आणि खोली तेव्हा जास्त तापते. माझ्याकडे 52 आला होता. तुमचा आकडा इथेच कळवा.