'एक करदाता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पुण्यातल्या प्राध्यापकांच्या अलीकडच्या कामावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, ते विद्यापीठ नाही, तरी लेखात घुसडलंय. वर्ग प्रत्यक्षात तासिका तत्त्वावरचे शिक्षक चालवतात, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. आणि शेवटी: "१९४८ पासून एक कोश पुरा होत नाही, अजून 'अ'वर अडकलेत, या पगारी ऐतखाऊंचं कौतुक आमच्या पैशाने कशाला?" हा कोश म्हणजे डेक्कन कॉलेजात तयार होत असलेला संस्कृतचा ऐतिहासिक शब्दकोश.

पहिलं मान्य. आयुका विद्यापीठाच्या आवारात असली तरी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचं आंतरविद्यापीठीय केंद्र आहे. मी सरसकट 'विद्यापीठातले प्राध्यापक' लिहिलं, ती चूक. लेखात दुरुस्ती केली आहे. पण कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या दुर्बिणीतून ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचे अतिनील किरण टिपले, ते २०२० साली नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमीत छापून आलं, यातलं काही त्या दुरुस्तीने बदलत नाही.

आता 'ऐतखाऊ'. हा शब्द मला लागला, आणि तो लागावा म्हणूनच तुम्ही वापरलात. टीका करायची होती तर 'काम संथ आहे' म्हणता आलं असतं, त्यावर मी शांतपणे बोलले असते. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, त्यांची अक्कल आणि दानत एका शब्दात काढायची, तीही नाव लपवून, ही कुठली रीत?

तुम्ही डेक्कन कॉलेजात या कोशाच्या चिठ्ठ्यांच्या दालनात कधी पाऊल ठेवलंय? मी ठेवलंय. एम.ए.ला असताना आमच्या बाईंनी नेलं होतं. लोखंडी कपाटं, त्यांत खण, खणांत दाटीने उभ्या चिठ्ठ्या. एक बाहेर काढून दाखवली होती. कडा पिवळ्या पडलेल्या, वर शब्द, खाली तो ज्या ओळीत आला ती ओळ, ग्रंथाचा संदर्भ, आणि शाईचं अक्षर इतकं नीट की शर्टाच्या बाहीने पुसलं जाईल म्हणून मी हात मागे घेतला. डॉ. सुमित्र कत्रे यांनी काम सुरू केल्यावर पहिली पंचवीस वर्षं नुसत्या वाचनात आणि अशा चिठ्ठ्या लिहिण्यात गेली. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ, ६२ विद्याशाखा, जवळपास एक कोटी चिठ्ठ्या. पहिला खंड १९७६ साली निघाला. पुढे ३५ खंड झाले तरी 'अ' संपला नाही, हे खरंच आहे.

का संपत नाही? एक 'अनुबंध' घ्या. व्याकरणात तो धातूला किंवा प्रत्ययाला जोडलेला सांकेतिक वर्ण. वेदान्तात ग्रंथाच्या आरंभी सांगायच्या चार गोष्टी. आपण मराठीत म्हणतो तो जिव्हाळ्याचा. कुठला अर्थ कधी आला, कुठून कुठे सरकला, हे दाखल्यांसह मांडायचं म्हणजे माणसाने एका शब्दापाशी दिवसच्या दिवस बसायचं. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची कल्पना १८५७ची, पहिली आवृत्ती पुरी झाली १९२८ला. आपल्याच भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला १९१९ ते १९६६ लागली, १२५९ हस्तलिखितं ताडून. तिचे प्रमुख संपादक सुकथनकर १९४३ला गेले, पुरी झालेली आवृत्ती त्यांना दिसली नाही. त्यांनाही ऐतखाऊ म्हणणार?

बसून केलेलं काम दिसत नाही म्हणून ते होत नाही, असं नाही. सतीश आळेकर एकीकडे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागात नोकरी करत होते आणि दुसरीकडे नाटकं लिहीत होते, पुढे विद्यापीठाचं ललित कला केंद्र सांभाळलं. त्यांचे पगाराचे तास कुणी मोजायचे आणि कुठल्या खात्यात टाकायचे?

तासिका तत्त्वाबद्दल मला शिकवू नका, एवढीच विनंती. चोवीस वर्षांच्या नोकरीतली पहिली नऊ मी त्याच तत्त्वावर काढली आहेत. एका महाविद्यालयात तर जूनपासूनचे पैसे मार्चमध्ये एकदम मिळाले, तेही दोनदा अर्ज केल्यावर. त्या नऊ वर्षांत मी दोन शोधनिबंध लिहिले, रात्री, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. त्या विषयावर स्वतंत्र लिहायला हवं, पण तो या लेखाचा विषय नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र यापुढे इथे कुणाला ऐतखाऊ म्हणायचं असेल, तर खाली स्वतःचं नाव लिहायचं. हा नियम आजपासून.