प्रॉडिजीने दंडार मारली म्हणे!

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले की भंडारा-गोंदियाकडे मोबाइलवर एक मजकूर फिरतो. त्याचं म्हणणं असं: विलायतेतल्या ‘द प्रॉडिजी’ नावाच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या टोळीने डीजेचं खूळ काढलं, हे लोक वाद्य वाजवत नाहीत, बटण दाबतात, दुसऱ्यांची गाणी चोरतात, एका गाण्यावर गबर झाले, यांच्या गोंगाटाने कान फुटले आणि दंडार, म्हणजे मंडईत रात्रभर चालणारं आपलं लोकनाट्य, मेली.

खूळ त्यांनी काढलं नाही. १९९० मध्ये एसेक्समधल्या ब्रेनट्री या लहानशा गावात हा गट जमला, तोवर शिकागोचं हाऊस आणि डेट्रॉइटचं टेक्नो हे यंत्रांवर बांधलेल्या नाचाच्या संगीताचे प्रकार इंग्लंडात रुळले होते.

आता बटण. ‘तो काय वाजवते, बटन तं दाबते,’ हे आपल्याकडे लग्नाच्या वरातीतही ऐकू येतं. गटाचा संगीतकार लियाम हाऊलेट लहानपणी पियानो शिकलेला. सुरुवातीची गाणी त्याने रोलँड डब्ल्यू-३० या कीबोर्डवर बांधली. त्यात आवाजाचे तुकडे भरून वाजवता येतात, पण जागा इतकी थोडी की एकेक सेकंद मोजून वापरावा लागतो. कुठला ताल कापायचा, किती वेगात पळवायचा, त्याखाली बास कुठे सोडायचा, हे बटणाला कळत नाही. शिवाय कार्यक्रमात कीथ फ्लिंट आणि मॅक्सिम गायचे. पुढे गिटार आणि ड्रम वाजवणारेही सोबत आले. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑक्टोपॅडवर, म्हणजे विजेवरच्या ढोलावर, बसणाऱ्याला आपण वादकच म्हणतो ना?

चोरीचा आरोप जरा थांबून पाहावा. ‘आउट ऑफ स्पेस’मध्ये (१९९२) जमैकाचा गायक मॅक्स रोमिओ याच्या १९७६ च्या रेगे गाण्याचा तुकडा उघडउघड आहे. ‘फायरस्टार्टर’मध्ये (१९९६) ब्रीडर्स या गटाची गिटार आणि आर्ट ऑफ नॉइज या गटाची आरोळी आहे, म्हणूनच गीतकारांच्या यादीत ब्रीडर्सच्या किम डीलसह त्या मंडळींची नावं छापली आहेत. खडी गंमत या आपल्याकडच्या तमाशासारख्या खेळाचा शाहीर सिनेमाची चाल उचलून त्यावर गावच्या राजकारणाचे बोल बसवतो, तेव्हा आपण शिट्ट्या मारतो. तिथे मूळ संगीतकाराचं नावही कोणी घेत नाही!

एका गाण्याची गोष्ट तर नुसती थाप. १९९४ ते २०१८ मधले त्यांचे सहाही स्टुडिओ अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. १९९७ चा ‘द फॅट ऑफ द लँड’ अमेरिकेतही. रेव्ह (रात्रभरच्या नाचमेळाव्यांचं संगीत), हिप-हॉप आणि पंक एकत्र घोटल्यामुळे रॉकची पोरं नाचाच्या संगीताकडे वळली, ही त्यांची खरी कमाई. त्याच अल्बमवर ‘नारायण’ नावाचं गाणं आहे, संस्कृत नामजपासकट. मात्र त्यातल्याच एका गाण्याच्या शीर्षकात बाईला मारायची भाषा आहे. अमेरिकेतल्या महिला संघटनेने निषेध केला, वॉलमार्टने अल्बम काढून टाकला. तिथे मी गटाची बाजू घेणार नाही. गंमत म्हणजे मजकुरात नेमका हाच आरोप नाही.

आणि दंडार? मारल्याचा ठपका प्रॉडिजीला नवा नाही. १९९२ मध्ये ‘मिक्समॅग’ या नाचगाण्याच्याच मासिकाने विचारलं होतं, त्यांच्या ‘चार्ली’ या गाण्याने रेव्ह मारला का? १९९४ मध्ये ब्रिटिश सरकारनेच कायदा करून अशा मेळाव्यांना लगाम घातला, आणि गटाने त्याविरुद्ध गाणं केलं. इकडे दंडार मंडईच्या रात्री अजून उभी राहते, पण कमी, हे कबूल. धान निघालं की तरुण पोरं कामाला बाहेरगावी जातात, मग तालमीला माणसं कुठून आणायची? डीजेला मागेल ती रक्कम देणारी मंडळी दंडारवाल्यांशी बिदागीवरून घासाघीस करतात. हा हिशेब ब्रेनट्रीत होत नाही.

कान फुटतात, तेवढं मात्र खरं. त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. तक्रार जरूर करा. फक्त रात्रभर चालणाऱ्या दंडारीच्या भोंग्यालाही तोच नियम लागतो, एवढं अर्ज लिहिताना ध्यानात असू द्या.